कमांडची फाइल झाली, पण लेबलं कुठे गेली?

पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात कधीतरी तुमच्या हातात एक टेक्स्ट फाइल पडते. नाव ‘सर्व्हर नोट्स’ किंवा ‘इम्पॉर्टंट, डिलीट करू नये’ असलं काहीतरी. आत दोन-तीन लांबलचक डॉकर कमांड आणि शेवटी ‘हे चालवलं की होतं’ एवढं एकच वाक्य. फाइल देणारा सीनियर तोवर थिसिस सबमिट करून नोकरीला लागलेला असतो. लॅबमधलं एखादं सॉफ्टवेअर त्या कमांडवर चालत असतं, आणि ते चालतंय तोवर त्या फाइलकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

आमच्याकडे हे सॉफ्टवेअर म्हणजे लेबल स्टुडिओ. बोलीभाषांच्या मुलाखतींचं लिप्यंतर त्यात टाकायचं आणि दोघींनी मिळून एकेका वाक्याला लेबल लावायचं, असं काम. मुलाखती देणाऱ्यांना आम्ही संमतीपत्रात लिहून दिलंय की त्यांचं बोलणं लॅबबाहेर जाणार नाही. त्यामुळे बाहेरचा क्लाउड बाद; कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर सगळं आपणच चालवायचं. सेल्फ-होस्टिंग हा शब्द भारी वाटतो, प्रत्यक्षात तो असा असतो. जूनमध्ये एकदा वीज गेली, यूपीएसनं थोडा वेळ तग धरला आणि मान टाकली. मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा लेबल स्टुडिओ बंद होता.

मग मी तेच केलं जे तुम्हीही कराल. सीनियरच्या कमांड उचलल्या, ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकल्या, कंपोजची छान नीटनेटकी यॅमल फाइल मिळाली. ती चालवली. एकही एरर नाही. ब्राउझरमध्ये पान उघडलं आणि त्यावर होतं: नवीन खातं तयार करा. सात महिन्यांची लेबलं, दोघींची, कुठेच नाहीत.

डेटा गेला नव्हता हे आधीच सांगून टाकते, उगाच धाकधूक नको. पण तो सापडेपर्यंतच्या दोन दिवसांत मला या कन्व्हर्टर प्रकाराबद्दल जे कळलं, ते कुठल्याच ट्युटोरियलमध्ये सरळ लिहिलेलं मला दिसलं नाही. म्हणून हे परीक्षण.

ज्यांनी डॉकर वापरलेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. कंटेनर म्हणजे एखादं सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या लवाजम्यासकट वेगळ्या खोलीत चालवणं. ‘डॉकर रन’ ही कमांड ती खोली उघडते, आणि कुठलं दार बाहेर उघडायचं, कुठलं कपाट आत ठेवायचं हे तिच्या पुढच्या डॅशवाल्या पर्यायांत सांगायचं. कंपोज हेच सगळं एका फाइलमध्ये लिहून ठेवू देतं. कंपोज मुळात ‘फिग’ या नावानं ऑर्चर्ड नावाच्या छोट्या कंपनीनं बनवलं होतं. २०१४ मध्ये डॉकरनं ती कंपनी घेतली आणि फिगचं कंपोज झालं. संशोधनात याचा उपयोग काय, हे कार्ल बोएटिगर यांनी २०१५ च्या एका लेखात मांडलं होतं. तो लेख आजही वाचण्यासारखा आहे.

आता कन्व्हर्टर. यांच्या दोन जाती आहेत. पहिली जात कमांडचा मजकूर वाचते. ‘कंपोझराइझ’ हे यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. डॅश पी दिसलं की ते ‘पोर्ट्स’खाली टाकायचं, डॅश व्ही दिसलं की ‘व्हॉल्यूम्स’खाली, डॅश ई दिसलं की ‘एन्व्हायर्नमेंट’खाली. दुसरी जात चालू किंवा बंद पडलेल्या कंटेनरलाच विचारते की बाबा, तू कसा उभा राहिलास. ‘डॉकर ऑटोकंपोज’ हे त्यातलं. ‘डॉकर इन्स्पेक्ट’मधून जी माहिती मिळते तीच ते फाइलच्या रूपात मांडतं.

दोन्ही जाती आपापल्या जागी चांगल्या आहेत, हे मनापासून म्हणतेय. पहिल्या जातीचं साधन नवशिक्यासाठी शिक्षकासारखं आहे: डावीकडे कमांड, उजवीकडे फाइल, बघता बघता डोक्यात बसतं की कुठला पर्याय कुठे जातो. मी कंपोज अशीच शिकले. तक्रार वेगळी आहे. हे साधन कमांडमध्ये जे लिहिलंय तेवढंच भाषांतरित करतं. आणि सीनियरची कमांड ज्या जोरावर चालत होती त्यातलं निम्मं तिच्यात लिहिलेलंच नव्हतं. ते शेलमध्ये होतं, त्या मशीनवर होतं, आणि उरलेलं दादाच्या डोक्यात.

लेबल स्टुडिओच्या मार्गदर्शिकेत सुरुवातीला जी कमांड दिलेली असते तीच घ्या. दादानं तीच थोडी वाढवून वापरली होती. डॉकर रन, मग डॅश आयटी, मग डॅश पी ८०८०:८०८०, मग डॅश व्ही आणि ‘डॉलर, कंसात पीडब्ल्यूडी’ असा रस्ता, शेवटी इमेजचं नाव आणि कोलनपुढे ‘लेटेस्ट’. मार्गदर्शिकेची कमांड म्हणून उत्तम. पाच मिनिटांत चालवून बघायला अशीच हवी. पण तिचा एकेक तुकडा ‘आत्ता, इथे, मी समोर बसलेय’ असं गृहीत धरतो.

डॅश आयटी म्हणजे मी टर्मिनलसमोर बसलेय. दादा ते टर्मिनल टीमक्समध्ये उघडं ठेवून घरी जायचा. मशीन बंद पडल्यावर कंटेनरनं आपोआप उठावं असं कमांडमध्ये कुठेच नव्हतं, म्हणून तो उठला नाही. कन्व्हर्टरनं डॅश आयटीचं इमानदारीनं भाषांतर करून ‘टीटीवाय: ट्रू’ अशी ओळ दिली, जिची कोणालाच गरज नव्हती. हवी होती ती ओळ, ‘रीस्टार्ट: अनलेस-स्टॉप्ड’, त्यानं दिली नाही. कुठून देणार? कमांडमध्ये ती नव्हतीच.

‘डॉलर, कंसात पीडब्ल्यूडी’ म्हणजे मी आत्ता ज्या फोल्डरमध्ये उभी आहे तो. हे उत्तर शेल देतं, डॉकर नाही. कंपोजची फाइल शेलमधून जात नाही, त्यामुळे कंसातली कमांड तिला चालवता येत नाही. इथे टिंब-स्लॅशनं सुरू होणारा रस्ता लिहायचा, आणि मग तो फाइल जिथे आहे तिथून मोजला जातो. हा बदल चांगला आहे, कारण तुम्ही कुठे उभ्या आहात याला आता महत्त्व उरत नाही. पण दादा तेव्हा नक्की कुठल्या फोल्डरमध्ये उभा होता? कमांड सांगत नाही.

हे झालं किरकोळ. खरी गोष्ट पोस्टग्रेसची.

दादानं लेबल स्टुडिओचा डेटा पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ठेवला होता. त्याची दुसरी कमांड. त्यात व्हॉल्यूमचं नाव होतं ‘पीजीडेटा’, पासवर्ड एकेरी अवतरणात होता, कंटेनरचं नाव ‘डीबी’. (लेबल स्टुडिओला डेटाबेसचा पत्ता देणाऱ्या व्हेरिएबलची नावं ‘पोस्टग्रे’नं सुरू होतात, शेवटच्या एस अक्षराशिवाय. टायपिंगची चूक समजून दुरुस्त करू नका.) मी दोन्ही कमांड एका फाइलमध्ये आणल्या, फाइल ‘कोश’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि चालवली. पहिल्यांदा डॉकरनं अडवलं: डीबी नावाचा कंटेनर आधीच आहे. बरोबरच होतं, दादाचा बंद पडलेला कंटेनर तिथेच होता. मी काय केलं? ‘डॉकर आरएम डीबी’. जुना कंटेनर काढून टाकला. दुसराही काढला.

इथे थांबा आणि बघा मी काय घालवलं ते. तो कंटेनर कसा उभा राहिला होता, कुठल्या व्हॉल्यूमवर, कुठल्या इमेजवर, याची एकमेव अस्सल नोंद त्याच्यातच होती. इन्स्पेक्ट केलं असतं तर सगळं समोर आलं असतं. टेक्स्ट फाइलमधली कमांड ही दादाच्या आठवणीची नोंद होती. कंटेनर हा प्रत्यक्षाचा पुरावा होता. प्रयोगशाळेतला कोणी नमुना फेकून देऊन वहीवर विसंबला तर आपण त्याला काय म्हणू?

व्हॉल्यूम मात्र कंटेनरसोबत जात नाही, म्हणून वाचले. पान रिकामं का आलं याचं उत्तर ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’नं दिलं. यादीत दोन नावं होती: ‘पीजीडेटा’ आणि ‘कोश_पीजीडेटा’. कंपोज प्रत्येक व्हॉल्यूमच्या नावापुढे प्रोजेक्टचं नाव लावतं, आणि प्रोजेक्टचं नाव तुम्ही दिलं नाहीत तर फोल्डरचं नाव घेतं. माझ्या फाइलमध्ये ‘पीजीडेटा’ लिहिलेलं होतं, दादाच्या कमांडमध्येही ‘पीजीडेटा’च, अक्षर न् अक्षर तेच; पण त्याचा अर्थ दोन ठिकाणी वेगळा. कंपोजनं नवं कोरं कपाट आणलं, पोस्टग्रेसनं त्यात नवा डेटाबेस मांडला, लेबल स्टुडिओनं त्यात आपली रिकामी टेबलं बनवली. सगळे आपापलं काम चोख करत होते. एरर यायला कारणच नव्हतं.

उपाय दोन ओळींचा आहे: व्हॉल्यूमच्या नोंदीत ‘एक्स्टर्नल: ट्रू’ आणि खरं नाव. म्हणजे हे व्हॉल्यूम आधीपासून आहे, नवं बनवू नकोस. याचा एक जास्तीचा फायदा: ‘डॉकर कंपोज डाउन डॅश व्ही’ ही कमांड फाइलमधली व्हॉल्यूम पुसून टाकते, पण एक्स्टर्नल असलेल्यांना हात लावत नाही. कन्व्हर्टर या ओळी स्वतःहून देतो की नाही हे साधनावर आणि त्याच्या आवृत्तीवर आहे. तुम्ही बघून घ्या.

मी ओळी घातल्या आणि पुन्हा चालवलं. आता एरर आला: पासवर्ड चुकीचा. पासवर्डला तर मी हातही लावला नव्हता!

गंमत बघा. दादाचा पासवर्ड होता ‘गड$किल्ला’ (आता बदललाय). शेलमध्ये एकेरी अवतरणात डॉलर नुसता डॉलर असतो. कंपोजमध्ये तसं नाही. तिथे डॉलरपुढचा शब्द हे व्हेरिएबलचं नाव समजलं जातं. ‘किल्ला’ नावाचा व्हेरिएबल नव्हता, म्हणून त्याच्या जागी काहीच नाही. उरला नुसता ‘गड’. कंपोजनं तशी सूचनाही दिली होती, व्हेरिएबल सेट नाही, रिकामा धरतोय. पिवळ्या अक्षरांतली ती ओळ मी वाचली नाही, कारण सगळं चालत होतं. आणि चालत का होतं? पोस्टग्रेसची इमेज पासवर्डचा व्हेरिएबल फक्त पहिल्या वेळी, डेटा डिरेक्टरी रिकामी असताना वापरते. नव्या कोऱ्या कपाटात तिनं ‘गड’ हाच पासवर्ड ठरवला, लेबल स्टुडिओलाही ‘गड’च मिळाला, दोघांचं जुळलं. एका चुकीनं दुसरी झाकली. जुनं कपाट परत आणल्यावर त्यात खरा पासवर्ड होता आणि मगच बिंग फुटलं.

संशोधन करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटायला हवं. ज्या प्रयोगात दोन चुका एकमेकींना काटतात तिथे आकडे फार सुंदर येतात.

डॉलर दोनदा लिहिला की तो डॉलर राहतो, हा झटपट उपाय. पण मुळात पासवर्ड या फाइलमध्ये असायलाच नको, कारण ही फाइल तुम्ही उद्या गिटमध्ये टाकणार, परवा रिपॉझिटरी पेपरसोबत सार्वजनिक करणार. पोस्टग्रेसच्या इमेजला पासवर्ड वेगळ्या फाइलमधून वाचता येतो. व्हेरिएबलच्या नावापुढे ‘अंडरस्कोर फाइल’ लावायचं. कंपोज तुमची फाइल नक्की कशी वाचतंय ते बघायचं असेल तर ‘डॉकर कंपोज कॉन्फिग’ चालवा. सगळे व्हेरिएबल भरून, सगळे रस्ते पूर्ण लिहून अंतिम रूप समोर येतं. ही एक कमांड मी पहिल्या दिवशी चालवली असती तर ‘गड’ तिथेच दिसला असता.

आता तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या जातीचं साधन वापरायचं, प्रत्यक्षाला विचारणारं. बरोबर, बिघडलेलं सावरायला तेच हवं. पण त्याचा दोष उलट आहे. इन्स्पेक्टमध्ये तुम्ही दिलेले व्हेरिएबल आणि इमेजमध्ये आधीपासून असलेले व्हेरिएबल एकाच यादीत मिसळलेले असतात. त्यातून काढलेली फाइल लांबलचक होते आणि कुठली ओळ कोणी मुद्दाम ठरवली, कुठली आपसूक आली, हे कळेनासं होतं. शिवाय इमेजच्या जुन्या आवृत्तीतली मूल्यं फाइलमध्ये गोठतात. पुढे इमेज बदलली तरी ती तशीच राहतात. पहिली जात फार कमी सांगते, दुसरी फार जास्त. दादानं काय ठरवलं होतं हे दोघींनाही माहीत नाही.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. जुन्या कमांडमध्ये ‘लिंक’ हा पर्याय दिसला तर तो नव्या फाइलमध्ये आणू नका. डॉकरच्या मूळ नेटवर्कवर कंटेनर एकमेकांना नावानं ओळखत नाहीत म्हणून तो लागायचा. कंपोज प्रत्येक प्रोजेक्टला स्वतंत्र नेटवर्क देतं आणि तिथे सर्व्हिसचं नाव हाच पत्ता. पण दोन कमांडच्या दोन फाइली करून दोन फोल्डरमध्ये ठेवल्यात तर दोन वेगळी नेटवर्क होतील आणि एकाला दुसरा दिसणार नाही. एकत्र जगणाऱ्यांना एकाच फाइलमध्ये ठेवा. आणखी एक: ‘डिपेंड्स ऑन’ नुसतं लिहिलं तर कंपोज फक्त डेटाबेसचा कंटेनर सुरू व्हायची वाट बघतं, आतला डेटाबेस तयार व्हायची नाही. त्यासाठी हेल्थचेक लिहावा लागतो.

पोर्टवर मात्र थोडं रेंगाळते, कारण संमतीपत्राचा प्रश्न इथेच येतो. ८०८०:८०८० असं लिहिलं की ते दार मशीनच्या प्रत्येक नेटवर्ककडे उघडतं. उबुंटूवर यूएफडब्ल्यूनं पोर्ट बंद केलंय म्हणून निर्धास्त राहू नका. डॉकर आपले नियम स्वतः आयपीटेबल्समध्ये घालतं आणि ते यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात. म्हणजे आमच्या मुलाखतींसमोरचं नोंदणीचं पान कॅम्पसच्या नेटवर्कवर कोणालाही उघडता येत होतं. दादाच्या वेळीही, माझ्या पहिल्या फाइलनंतरही. कमांड ‘चालत होती’, फाइलही ‘चालत होती’, आणि दोन्ही संमतीपत्राच्या विरुद्ध होत्या. आता तिथे १२७.०.०.१:८०८०:८०८० आहे आणि आम्ही दोघी एसएसएच टनेलमधून आत जातो. कन्व्हर्टरकडून ही अपेक्षा नाही. पण फाइल तपासताना आपण नेमकं काय तपासतो, याचा विचार करा: ती चालते का, एवढंच ना?

राहिला ‘लेटेस्ट’. आमच्या मशीनवर हे नाव लावलेली पोस्टग्रेसची इमेज होती १५ आवृत्तीची, कारण ती ज्या काळात उतरवली तेव्हाची लेटेस्ट तीच. डेटा डिरेक्टरीत ‘पीजी_व्हर्जन’ नावाची छोटी फाइल असते, तिच्यात फक्त १५ लिहिलेलं सापडलं. कंपोज इमेज मशीनवर असेल तर नवी उतरवत नाही, म्हणून तिथे काही बिघडलं नाही. पण हीच फाइल नव्या मशीनवर नेली की लेटेस्ट म्हणजे वेगळंच काहीतरी येणार. पोस्टग्रेसची एक मुख्य आवृत्ती दुसरीची डेटा डिरेक्टरी उघडत नाही, आणि १८ पासून तर या इमेजनं डेटा ठेवण्याची जागाही बदलली आहे; व्हॉल्यूम जोडायचा जुना रस्ता तिथे चालत नाही. म्हणजे कमांडचं भाषांतर अचूक आणि फाइल निकामी. २०२० मध्ये नूस्ट आणि सहकाऱ्यांनी पीएलओएस कम्प्युटेशनल बायोलॉजीमध्ये डॉकरफाइल लिहिण्याचे दहा नियम दिले होते, त्यात आवृत्ती नेमकी लिहा हा आग्रह आहेच. आपण तो डॉकरफाइलला लावतो आणि कंपोजच्या फाइलला विसरतो.

(काही जुने कन्व्हर्टर फाइलच्या डोक्यावर ‘व्हर्जन: ३’ असं टाकतात. त्याचा या आवृत्तीशी काही संबंध नाही, आणि आता ती ओळ कालबाह्य आहे. काढून टाका.)

‘पुन्हा वापरता येणारी फाइल’ हे शब्द या साधनांच्या ओळखीत नेहमी येतात, आणि माझा आक्षेप या शब्दांवर आहे. त्याच मशीनवर, त्याच माणसानं, पुन्हा चालवणं हा एक अर्थ. तो कन्व्हर्टर देतो. दुसऱ्या मशीनवर, मला न विचारता, दुसऱ्या कोणी चालवणं हा दुसरा अर्थ, आणि संशोधनाला तो लागतो. या दोहोंच्या मधलं अंतर फाइलमधल्या प्रत्येक ओळीला ‘हे का?’ विचारूनच कापलं जातं. माझ्या फाइलमध्ये आता सेटिंगपेक्षा कॉमेंट जास्त आहेत आणि मला त्याची लाज वाटत नाही. पंधरा का, तर मुलाखतींचा डेटा पंधरामध्ये आहे. १२७ का, तर संमतीपत्रातलं अमुक कलम.

त्यातल्या काही ‘का’ची उत्तरं माझ्याकडे नव्हतीच. म्हणून शेवटी दादाला फोन केला.

“दादा, मायडेटा फोल्डर कुठून माउंट केला होतास?”

“अगं, होममधूनच असेल. का, चालत नाहीये का?”

“चालतंय. पण ऑडिओच्या फाइली दिसत नाहीयेत.”

“हां, मग बाहेरच्या हार्ड डिस्कवरून. ती लावल्याशिवाय सुरू करायचं नाही, सांगितलं होतं ना मी?”

कदाचित सांगितलंही असेल. टेक्स्ट फाइलमध्ये नव्हतं.

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरला रिकामा लॅपटॉप, ‘कोश’ फोल्डर आणि पीजी-डंपनं काढलेली बॅकअपची फाइल दिली आणि म्हटलं, मला काही न विचारता उभं कर. मी शेजारी चहा घेऊन बसले. चाळीस मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, “ताई, ‘एक्स्टर्नल: ट्रू’ लिहिलंय, पण माझ्याकडे पीजीडेटा नावाचं व्हॉल्यूमच नाहीये. ते कोणी बनवायचं?” ज्या ओळीनं माझी लेबलं परत आणली, तिच्यावरच ती अडली होती. तिथे कॉमेंट नव्हती. तिनंच ती लिहिली, मी नुसती वाचली.